मोटर 'पळाली' म्हणून ड्राइव्ह पाठवण्याआधी

"टॉर्क मोडवर घेतलं की मोटर आपोआप फुल स्पीडला जाते, ड्राइव्ह गेलाय, बघून द्या." स्लिटर-रिवाइंडर (फिल्म कापून रोलवर गुंडाळणारं मशीन) चालवणाऱ्या ग्राहकांचा हा फोन आम्हाला वारंवार येतो. ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, पॅनेलमधून निघतो, ट्रान्सपोर्टने आमच्याकडे येतो, बेंचवर लावला की ठणठणीत चालतो आणि परत जातो. तोवर तुमचं मशीन उभं असतं. त्याचं आम्हालाही वाईट वाटतं, म्हणून हा कागद.

चूक बहुतेक वेळा एकच असते. फिटरने कपलिंग (मोटर मशीनला जोडणारा भाग) सोडून किंवा फिल्म न लावता टॉर्क मोडची ट्रायल घेतलेली असते. स्पीड मोडची ट्रायल मोकळ्या मोटरवर घ्यायची आपली सवय बरोबर आहे, पण इथे ती चालत नाही. स्पीड मोडमध्ये ड्राइव्ह फेरे सांभाळतो आणि लागेल तेवढा जोर देतो. टॉर्क मोडमध्ये तो जोर, म्हणजेच टॉर्क, सांभाळतो, फेरे लोड ठरवतं. लोडच नसेल तर मोटर फेऱ्यांची लिमिट लागेपर्यंत वेग घेतच राहणार.

त्यात पॉट (मागणी कमी-जास्त करायची फिरकी, 0 ते 10 व्होल्ट) दोन्ही मोडला एकच असतो. 6 व्होल्टवर ठेवलेला पॉट स्पीड मोडमध्ये 30 हर्ट्झ सांगतो. टॉर्क मोडवर घेतलं की तोच पॉट 60 टक्के टॉर्क मागतो. 7.5 किलोवॅट, 1440 फेऱ्यांच्या मोटरचा पूर्ण टॉर्क साधारण 50 न्यूटन-मीटर, म्हणजे ही मागणी झाली 30 न्यूटन-मीटरची. मोकळ्या मोटरला त्याच्या आसपासही लागत नाही.

आता खरा धोका. लाइन मिनिटाला 100 मीटर, गिअर 1:4, रिकाम्या कोअरचा (ज्यावर फिल्म गुंडाळते ती नळी) व्यास 90 मिलिमीटर, भरलेल्या रोलचा 450. कोअरवर मोटरचे फेरे सुमारे 1415 येतात, रोल भरत आला की 283. कोअरकडे बघून लिमिट 1500 ठेवली आणि भरल्या रोलवर फिल्म तुटली, तर तो जड रोल पाचपट वेगाकडे निघतो. तिथे माणूस उभा असतो. म्हणून लिमिट रोलच्या व्यासाबरोबर खाली आली पाहिजे, चालू वेगापेक्षा 5 ते 10 टक्केच वर. आम्ही ही जोडणी केल्याशिवाय टॉर्क मोड सुरू करून देत नाही, आणि फोनवर पॅरामीटर (ड्राइव्हची सेटिंग) सांगत नाही. काही जणांना हा हट्ट वाटतो, व्हिजिटचे पैसे काढण्याचा बहाणाही वाटतो. पण समोर रोल न बघता लिमिट सांगण्याची जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही.

चालू मशीनवर मोड बदलताना झटका बसून फिल्म तुटत असेल, तर स्पीड मोडमध्ये ताण आल्यावर डिस्प्लेवरचा चालू टॉर्क बघा. 22 टक्के दिसत असेल तर टॉर्कचा रेफरन्सही (ड्राइव्हला दिलेली मागणी) तिथेच आणा, मग स्विच करा. परत येताना स्पीडचा रेफरन्स चालू फेऱ्यांशी जुळवा. सीमेन्सच्या जी120 ड्राइव्हमध्ये कंट्रोलचा प्रकार ठरवणारा पॅरामीटर पी1300 चालू मोटरवर बदलता येत नाही. तिथे तो 20 किंवा 21 (व्हेक्टरचा स्पीड मोड) ठेवून पी1501ला जोडलेल्या इनपुटने मोड बदलायचा.

व्ही/एफवर (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचं प्रमाण राखणारा साधा कंट्रोल) टॉर्क कंट्रोल होत नाही, व्हेक्टर (टॉर्कचा हिशोब ठेवणारा कंट्रोल) लागतं. मोटरची वाइंडिंग नव्याने भरून आणली असेल तर ऑटोट्यूनिंग (ड्राइव्हने मोटर मोजून ओळखून घेणं) नव्याने करा. अगदी कमी फेऱ्यांवर ताण हलत असेल तर एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) बसवावा लागेल, तो आमच्याकडे मिळतो.

आमच्या व्हिजिटमध्ये तुमच्याच मालावर, तुमच्या ऑपरेटरसमोर, रिकाम्या कोअरपासून भरल्या रोलपर्यंत ट्रायल होते. मुद्दाम फिल्म कापून मोटरचा वेग लिमिटवर अडतो का तेही दाखवतो. पॅरामीटरची प्रत तुमच्या नावाने आमच्याकडे राहते. उद्या ड्राइव्ह खरंच जळाला, तर नवा त्याच सेटिंगवर लावून देता येतो.

फोन करताना मोटरच्या नेमप्लेटचा फोटो, गिअरचं प्रमाण, कोअरचा आणि भरल्या रोलचा व्यास, आणि लाइनचा वेग एवढं हाताशी ठेवा. ड्राइव्ह मात्र पॅनेलमध्येच राहू द्या.