पार्श्वभूमी : बिल्हार्झिया, यकृतावरचे वण आणि प्लेटलेट्स

प्लेटलेट्स म्हटल्या की आपल्याला डेंग्यूचा रिपोर्ट आठवतो. बिल्हार्झिया हा जंतांमुळे होणारा आजार. यकृताच्या बिल्हार्झियातही हा आकडा घसरतो. पाणथरी (प्लीहा) वाढते आणि प्लेटलेट्स तिच्यात अडकून पडतात, हे त्याचं जुनं स्पष्टीकरण आजही बरोबर आहे. मात्र त्यामुळे प्लेटलेट्सकडे फक्त आजाराची खूण म्हणून पाहायची सवय लागली.

१८५१ साली कैरोच्या कस्र अल-ऐनी रुग्णालयात थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरांना शवविच्छेदन करताना आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल व्हेनमध्ये जंत सापडले. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींतून बाहेर पडणारी या जंतांची पिल्लं त्वचेतून माणसाच्या अंगात शिरतात, हे कळायला पुढची साठेक वर्षं गेली. (रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत १९५२ साली नोंदलेला बिल्हार्झिया मूत्रमार्गाचा होता, यकृताचा नव्हे.) १९०४ मध्ये कैरोतच सिमर्स यांनी अशा रुग्णांच्या यकृताचं वर्णन केलं. यकृत कापल्यावर शिरांभोवती जाड पांढरी कडी दिसत, जणू मातीच्या पांढऱ्या पाइपच्या दांड्या आत खुपसल्या आहेत. खरा दोष जंताच्या अंड्यांचा. शौचावाटे बाहेर पडायची अंडी रक्ताबरोबर यकृतात जाऊन रुततात. १९६०च्या दशकात केनेथ वॉरन आदींनी उंदरांना नुसती अंडी टोचली, तरी अंड्यांभोवती गाठी धरल्या. यकृताच्या पेशी बऱ्याच अंशी शाबूत राहतात, पण वणांमुळे रक्ताची वाट अडते, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि रुग्ण रक्ताची उलटी होऊन दगावू शकतो.

प्लेटलेट्सचा धागा वेगळ्याच प्रयोगशाळांतून आला. १९७४ मध्ये रसेल रॉस यांच्या गटाला दिसलं की गोठलेल्या रक्ताच्या सिरममध्ये, म्हणजे गुठळी बाजूला काढल्यावर उरणाऱ्या द्रवात, रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशी भराभर वाढतात. प्लेटलेट्स काढून टाकलेल्या रक्ताच्या सिरममध्ये तशा वाढत नाहीत. त्यातून पुढे पीडीजीएफ हे प्रथिन हाती लागलं. १९८३ मध्ये प्लेटलेट्समधूनच टीजीएफ-बीटा हे दुसरं प्रथिन शुद्ध करण्यात आलं. यकृतातल्या स्टेलेट पेशी वणाचं कोलॅजन हे तंतुमय प्रथिन तयार करतात, हे कळल्यावर दोन्ही धागे जुळले. पीडीजीएफ त्या पेशींची संख्या वाढवतं, टीजीएफ-बीटा त्यांना कोलॅजन करायला लावतं. अर्थात ही दोन्ही प्रथिनं इतर पेशीही सोडतात, त्यामुळे सगळा ठपका प्लेटलेट्सवर ठेवणं चूक ठरेल.

शिवाय त्या शरीराच्या बाजूनेही लढतात. आयजीई प्रतिपिंडांच्या मदतीने प्लेटलेट्स जंताची पिल्लं मारू शकतात, असं फ्रान्समधल्या लील इथल्या गटाने १९८३ मध्ये दाखवलं. प्रौढ जंत मात्र प्लेटलेट्सना एकत्र बोलावणारा एडीपी हा रेणू आपल्या त्वचेवरच्या एन्झाइमने तोडतो, म्हणून वर्षानुवर्षं रक्तात राहूनही त्याच्याभोवती गुठळी धरत नाही.

पित्तमार्गाच्या बिघाडाने यकृतावर वण धरलेल्या उंदरांवरचे निकालही दोन्हीकडचे आहेत. एका प्रयोगात ॲस्पिरिनने वण कमी झाले, तर दुसऱ्यात प्लेटलेट्स कमी असलेल्या उंदरांत ते वाढले. मला हा विरोध महत्त्वाचा वाटतो, कारण यकृताच्या बिल्हार्झियाचा रुग्ण आधीच रक्तस्रावाच्या उंबरठ्यावर असतो. प्लेटलेट्सना रोखणारं औषध त्याला सहज देता येणार नाही. प्राझिक्वांटेल हे औषध जंत मारतं. रुतलेल्या अंड्यांभोवती धरलेला जुना वण मात्र त्याने लगेच विरघळत नाही.