वैज्ञानिक शंकासमाधान

सृष्टीतील घटनांविषयी सामान्य लोकांनी उत्सुकतेपोटी विचारलेल्या प्रश्नांना त्या त्या विषयाच्या अभ्यासकांनी जाहीरपणे उत्तरे देण्याच्या प्रथेला वैज्ञानिक शंकासमाधान म्हणतात. व्याख्यानाचा विषय वक्ता ठरवतो, तर येथे तो प्रश्नकर्ता ठरवतो. या प्रथेचे बहुतेक गुण आणि बहुतेक अडचणी यातूनच उद्भवतात.

लंडनमध्ये १६९१ साली जॉन डंटन याने सुरू केलेल्या ‘द अथेनियन मर्क्युरी’ या नियतकालिकात वाचकांनी निनावी पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरे छापली जात, आणि त्यांत धर्म व विवाह यांच्या जोडीने निसर्गविषयक शंकाही असत. उत्तरे देणारे दोनचार जणच होते. आव मात्र मोठ्या विद्वन्मंडळाचा असे. पुढे वृत्तपत्रांतील सदरे, रेडिओ, संग्रहालये आणि विद्यापीठे यांतून ही प्रथा रुजली.

लोकांचे प्रश्न ज्ञानशाखांच्या सीमा पाळत नाहीत. आकाश निळे का दिसते, या प्रश्नाचे ब्रिटिश भौतिकीविज्ञ लॉर्ड रॅली यांनी १८७१ मध्ये मांडलेले उत्तर असे, की सूक्ष्म कणांमुळे होणारे प्रकाशाचे विकिरण (विखुरणे) तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाच्या सुमारे नऊपट विखुरला जातो. पण मग आकाश जांभळे का नाही, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले की केवळ भौतिकीवर भागत नाही. सूर्यप्रकाशात जांभळा घटक मुळात कमी असतो आणि मानवी डोळा त्याला कमी संवेदनशील असतो, हेही सांगावे लागते. म्हणजे उत्तराचा एक भाग शरीरक्रियाविज्ञानाकडे जातो.

जीवसृष्टीबाबत तर ‘का’ हा शब्दच अनेकार्थी ठरतो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले, की प्राण्याच्या वर्तनाविषयी चार वेगळे प्रश्न संभवतात : ते कोणत्या यंत्रणेने घडते, व्यक्तीच्या वाढीत कसे आकार घेते, जगण्यास व प्रजननास कसे उपयोगी पडते आणि उत्क्रांतीत कसे आले. हीच विभागणी शरीररचनेलाही लागू पडते. झेब्र्याला पट्टे का असतात, याचे एक उत्तर त्वचेतील रंगद्रव्यपेशींविषयीचे आहे, तर दुसरे पट्ट्यांच्या उपयोगाविषयीचे. घोड्यांना पट्टेदार झूल पांघरून केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चावऱ्या माश्या जवळ नेहमीइतक्याच आल्या, पण पट्ट्यांवर फारशा उतरल्या नाहीत. यांपैकी कोणते उत्तर हवे आहे हे न ओळखता दिलेला खुलासा बिनचूक असूनही निरुपयोगी ठरतो. अनुभवी उत्तरदाते म्हणूनच आधी प्रश्नाचा रोख निश्चित करतात.

सवयीने दिली जाणारी उत्तरे हा वेगळाच धोका होय. स्केटच्या (बर्फावर घसरण्यासाठी बुटाखाली लावलेल्या पात्याच्या) दाबाने बर्फ वितळतो म्हणून तो निसरडा असतो, असे दीर्घकाळ शिकवले गेले. वस्तुतः वितळणबिंदू एका अंशाने खाली आणण्यास वातावरणाच्या सुमारे १३० पट दाब लागतो आणि साध्या बुटांनीही माणूस बर्फावर घसरतोच. पृष्ठभागावर द्रवसदृश थर असतो, हा विचार मायकेल फॅरेडे यांनी १८५० मध्येच मांडला होता.

काही वेळा प्रश्नातूनच संशोधन सुरू होते. गरम मिश्रणाचे आइस्क्रीम थंड मिश्रणाच्या आधी गोठते, असे १९६३ मध्ये टांगानिकातील (आजच्या टांझानियातील) एरास्टो एम्पेम्बा या विद्यार्थ्याला आढळले. पुढे शाळेत व्याख्यानाला आलेले भौतिकीचे प्राध्यापक डेनिस ऑस्बोर्न यांना त्याने याचे कारण विचारले, तेव्हा सहाध्यायी हसले. ऑस्बोर्न यांनी मात्र प्रयोगशाळेत पडताळणी करवून घेतली आणि दोघांचा संयुक्त लेख १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. बाष्पीभवन, अभिसरण, पाण्यात विरघळलेले वायू अशी कारणे तेव्हापासून सुचवली गेली आहेत. २०१६ मधील एका काटेकोर अभ्यासात मात्र हा परिणाम आढळला नाही आणि तापमापक सेंटिमीटरभर वरखाली ठेवल्यानेही तो भासू शकतो, असे दिसून आले; त्यामुळे या प्रश्नाला आजही एकमताचे उत्तर देता येत नाही.