अक्रोडाची कोरणी: इवलीशी तरफ

अक्रोड फुटला म्हणजे गर हाती आला असं नाही. कवचाच्या आतल्या बाजूने निघालेले पातळ, लाकडासारखे पडदे गराच्या वळ्यांत घुसलेले असतात. बोटाने ओढलं की अर्धा गर हातात, अर्धा आतच. त्यासाठी ही कोरणी: दातकोरण्याच्या जातीची, पण 12 ते 15 सेंटीमीटर लांब, पोलादी, टोकाशी किंचित वाकवून चपटी केलेली.

कोरणी खुपसायची नसते. टोकाचा बाक गराच्या फुगीर पाठीशी जुळवून, गर आणि कवच यांच्यामधल्या फटीतून ती सरकवायची. मग कवचाची कड हा टेकू आणि कोरणी ही तरफ. टोक कडेच्या आत 1 सेंटीमीटर आणि हात बाहेर 9 सेंटीमीटरवर असेल, तर टोकाशी जोर हाताच्या सुमारे 9 पट पडतो. घाई केली की गराचा चुरा होतो तो यामुळेच. पण हाच हिशेब उलटाही चालतो: हात 9 मिलिमीटर हलला तर टोक जेमतेम 1 मिलिमीटर उचललं जातं. इतका बारीक ताबा नुसत्या बोटांना कुठला!

पडदा अडवत असेल तर आधी तोच मोडून काढावा. टोक गरात रुतत असेल तर ते फार अणकुचीदार आहे. कानशीने जरा गोलसर करावं. आणि अक्रोड तळहातावर धरून कोरू नये. कवचाची कड मोडली की टोक सटकतं आणि थेट हातात घुसतं. खाली लाकडी पाट किंवा जाड फडकं हवं.

अति सुकलेला गर कितीही जपलं तरी तुटतोच. असे अक्रोड कवचासकट रात्रभर पाण्यात ठेवून, पुसून मग फोडावेत; गर थोडा ओलावा धरून लवचीक होतो. मात्र काढलेला गर पुन्हा नीट वाळवायचा, नाहीतर बुरशी धरते.

अखंड गरासाठी एवढा आटापिटा केवळ दिसण्यासाठी नाही. गरात जवळपास 65 टक्के तेल असतं. ते हवेतल्या ऑक्सिजनने लवकर खवट होतं. वरची पातळ साल त्याला काही काळ थोपवते. तुकडा पडला की साल नसलेला भाग उघडा पडतो, म्हणून तुकडे आधी संपवावेत. कोरणीच्या दांड्यावर नक्षी असेल तर तिच्यातही हेच तेल साचून वास मारतं, तेव्हा ती साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन लगेच कोरडी करावी.