वाहनकर्जाचं घरबसलं काम : सीमाभागातली पार्श्वभूमी

निपाणी-चिकोडी पट्ट्यात ट्रॅक्टरच्या हप्त्याचा फोन आता शाखेतूनच येईल असं नाही. कोल्हापूरच्या शाखेची थकबाकीदारांची यादी घेऊन कर्नाटकातल्या खानापूरच्या एखाद्या घरात मुलगी हेडफोन लावून बसलेली असते. ऊसबिल कधी जमा होणार, हे एकाला मराठीत विचारते, दुसऱ्याला कन्नडमध्ये. तिच्या कामावर कुठल्या राज्याचा कायदा, हा प्रश्न गेल्या पाच-सहा वर्षांतला.

त्याआधीचा वाद गाडीभोवती होता. भाडेखरेदीचा, म्हणजे हप्ते फिटेपर्यंत वस्तू भाड्यानं वापरायच्या व्यवहाराचा, कायदा 1972 मध्ये मंजूर झाला, पण कधीच अमलात न येता 2005 मध्ये रद्द झाला. दांडगाईनं गाडी ओढून नेता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये बजावलं. पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं वसुली एजंटांसाठी नियम काढले.

खरा गुंता नोव्हेंबर 2020 चा. टाळेबंदीनंतर केंद्र सरकारनं कॉल सेंटरसाठीचे दूरसंचार नियम सैल केले. घरून फोन करणारा माणूस त्या कॉल सेंटरचाच दूरस्थ एजंट ठरला आणि त्याला देशात कुठेही बसून काम करायची मुभा मिळाली. बेळगाव-खानापूरच्या मुलींना गाव न सोडता नोकरी करता येईल, असा हा निर्णय होता, आणि तो चांगलाच होता. पण तो फोनच्या लाइनीपुरता. कामाचे तास, सुट्टी, ओव्हरटाइम हे सगळं येतं राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातून, आणि तो कायदा जागा धरून चालतो. कर्नाटकाचा कायदा 1961 चा : दिवसाला 9 तास, आठवड्याला 48. महाराष्ट्राचा 2017 चा. नोंदणी कोल्हापूरची, पगार तिथला, काम खानापूरच्या माजघरात. मग तक्रार बेळगावच्या कामगार कार्यालयात द्यायची की कोल्हापूरच्या? आणि निरीक्षकानं तपासायचं काय, कुणाचं घर? माणूस जिथे बसून काम करतो तिथलाच कायदा त्याला लागू असावा, असं माझं ठाम मत आहे. मुभा देतानाच हे स्पष्ट लिहायला हवं होतं.

पुढचे नियम कर्जदाराकडे पाहून झाले. ऑगस्ट 2022 मध्ये वसुलीच्या फोनना सकाळी 8 ते संध्याकाळी 7 ची मर्यादा आली. महिन्याभरात झारखंडमध्ये ट्रॅक्टर ओढून नेताना एका गर्भवतीचा जीव गेला. कर्ज देणाऱ्या त्या कंपनीला बाहेरच्या एजंटांकडून वसुली करून घ्यायला मनाई झाली. जानेवारी 2023 मध्ये ती उठली. हे निर्बंध गरजेचेच होते. पण 7 नंतर घरी बसून शेरे भरणाऱ्या, उद्याची यादी लावणाऱ्या कर्मचाऱ्याबद्दल त्यांत काही नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटकानं जाचक वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. शिक्षा 10 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या बँका आणि वित्त कंपन्या मात्र त्यातून वगळल्या, म्हणजे गाड्यांना कर्ज देणाऱ्या मोठ्या कंपन्याही बाहेरच राहिल्या.