गाडी आमच्याकडे सोडण्याआधी एवढं वाचा

आतली सफाई

कोकणात पावसाळ्यात येणाऱ्या बहुतेक गाड्यांची तक्रार एकच: कुबट वास, आणि सीटबेल्ट-स्टिअरिंगवर पांढरी बुरशी. बुरशी पुसणं सोपं आहे. ओल कुठून येते ते सापडलं नाही, तर बुरशी पुन्हा धरते. म्हणून आम्ही आधी मॅट उचलून खालचं कार्पेट दाबून बघतो. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे ओल लागली, तर बऱ्याचदा एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते. हे घरीही तपासता येतं. दमट हवेत एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकायलाच हवं.

सीटवरची लाल माती ओल्या फडक्याने पुसू नका. पाणी लागलं की फिकट कापडात तिचा डाग बसतो. सुकू द्या, ब्रशने सैल करा, मग व्हॅक्यूमने ओढा. मासळीचं पाणी किंवा दूध सांडलं असेल तर संकोच न करता आधीच सांगा, तिथे वासाचं मूळच तोडणारं एन्झाइमचं क्लीनर लागतं. वरून परफ्यूम मारला की दोन्ही वास मिळून घाटात उलटीची सोय तेवढी होते.

सीट आम्ही पाण्याने भिजवत नाही, कारण खाली वायरिंग आणि एअरबॅगचे कनेक्टर असतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून क्लिप लावतो, सौम्य साबणाने धुतो आणि खडखडीत सुकल्यावरच आत सोडतो. ब्लीच अजिबात नाही, त्याने पट्टा कमजोर होतो. डॅशबोर्डही तेलकट चमकवून देत नाही. त्याची झळाळी समोरच्या काचेत दिसते आणि धूळ चिकटते ती वेगळीच.

रंगाचं पॉलिश

रंगावर क्लिअरकोटचा पारदर्शक थर असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. पॉलिश करणं म्हणजे याच थरातला थोडा भाग घासून काढणं. त्यामुळे दरवर्षी रबिंग मारून द्या म्हणणाऱ्याला आम्ही नाही म्हणतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

उन्हात दिसणाऱ्या बारीक गोल रेघा बहुतेक रोज सकाळी कोरडं फडकं मारल्याने पडतात. त्या पॉलिशने जातात. ओरखड्यावरून नख फिरवून बघा, नख अडकलं तर तो खोल आहे. पॉलिशने फार तर पुसट होईल, जाणार नाही. काम धरण्याआधी आम्ही प्रत्येक पत्र्यावर रंगाची जाडी मोजतो. कंपनीचा रंग, क्लिअरकोटसकट सगळे थर मिळून, साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, त्याहून बराच जास्त आकडा आला तर तो भाग पुन्हा रंगवलेला असतो. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांना इथे कधीकधी धक्का बसतो.

आंब्याचा चीक आणि पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी भरपूर पाण्याने भिजवून काढा. बोअरिंगच्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळू देऊ नका, क्षारांचे ठिपके पडतात.

सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक थराबद्दल, रोज विचारणा होते. त्याने पाणी-चिखल पटकन ओघळतो, धुणं सोपं जातं. खडी उडून पडलेला टवका किंवा पार्किंगमधला ओरखडा त्याने थांबत नाही. गाडी झाडाखाली उभी राहणार असेल आणि धुणं महिन्याकाठी एकदा होणार असेल, तर साधं वॅक्स पुरे.

येताना डिकी आणि कप्पे रिकामे करून या, फास्टॅगला आम्ही हात लावत नाही. आतल्या सफाईला उन्हाळ्यात एक दिवस लागतो, पावसात दोन. गाडी सुकल्याशिवाय देत नाही, त्यामुळे संध्याकाळी लग्नाला जायचं असेल तर सकाळी आणू नका. दर गाडी बघूनच सांगतो, फोनवर नाही.