बुजवलेलं मूळ आणि वाढू दिलेलं मूळ

आठ वर्षांचं मूल शाळेच्या मैदानात पडतं, पटाशीचा दात अर्धा तुटतो आणि काही आठवड्यांनी हिरडीवर पुवाचा फोड येतो. त्या दाताचा एक्स-रे पाहून दोन दंतवैद्य दोन वेगळे उपचार सुचवू शकतात: एपेक्सिफिकेशन किंवा रिव्हॅस्क्युलरायझेशन. घरी मात्र दोन्ही वेळा एवढंच सांगितलं जातं, की पोराचं रूट कॅनाल करायचंय. उपचाराला होकार देण्याआधी पालकांना हा फरक कळायला हवा, कारण एकात मूळ आहे तिथेच थांबवतात आणि दुसऱ्यात ते पुढे वाढावं म्हणून प्रयत्न करतात.

वरच्या पटाशीचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात. दात दिसायला लागला की तो तयार झाला असं आपण धरून चालतो, पण हाडाच्या आत त्याचं मूळ अजून घडत असतं आणि ते पुरं व्हायला पुढची सुमारे तीन वर्षं लागतात. तोवर मुळाच्या भिंती पातळ असतात आणि टोक उघडं असतं. भिंत जाड करण्याचं काम आतला मऊ गर करतो. त्यालाच आपण ‘नस’ म्हणतो. नस मेली की ते काम तिथेच थांबतं. मोठ्यांच्या रूट कॅनालमध्ये गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरताना तो मुळाच्या निमुळत्या टोकाशी अडतो. इथे अडायला टोकच नसतं.

एपेक्सिफिकेशन म्हणजे तिथे कृत्रिम बूच बसवणं. पूर्वी त्यासाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवत आणि टोकाशी कठीण पडदा तयार होण्याची कित्येक महिने वाट पाहत. पण 2002 साली आंद्रेअसन आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की हे औषध दीर्घकाळ आत राहिलं तर दातच ठिसूळ होतो. तोवर एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट) हा पर्याय आलेला होता. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी 1990च्या दशकात तो पुढे आणला. घराच्या बांधकामात वापरतात त्या पोर्टलँड सिमेंटच्याच कुळातला हा पदार्थ ओलाव्यात घट्ट होतो, आणि मुळाच्या टोकाशी ओलावा असतोच. त्याचा तीन ते पाच मिलिमीटरचा थर दिला, की एक-दोन भेटींत काम होतं. संसर्ग जातो, दात राहतो. भिंती मात्र आठव्या वर्षी होत्या तेवढ्याच पातळ राहतात. पुढे तिथे पुन्हा मार बसला, तर दात हिरडीजवळ मोडण्याची भीती उरते.

रिव्हॅस्क्युलरायझेशनची दिशा उलटी. नॉर्वेच्या नीगार्ड-ऑस्टबी यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीलाच मुळाच्या रिकाम्या नळीत रक्ताची गुठळी ठेवून काय उगवतं ते तपासलं होतं. कच्च्या मुळाच्या दातांसाठी ही कल्पना रुजली ती 2001 आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुग्णांच्या नोंदींनंतर. पहिल्या भेटीत नळी सौम्य सोडियम हायपोक्लोराइटने, म्हणजे जंतू मारणाऱ्या द्रवाने, धुतात. ते तीव्र वापरलं तर ज्या पेशींकडून काम करून घ्यायचं, त्याच मरतील. मग जंतुनाशक औषध भरून काही आठवडे थांबतात. दुसऱ्या भेटीत भूल देताना एड्रेनलीन नसलेलं इंजेक्शन निवडतात, कारण एड्रेनलीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि इथे तर रक्त हवंच असतं. नळी ईडीटीए या रसायनाने धुतली, की दाताच्या कठीण भागात अडकलेले वाढीचे घटक मोकळे होतात. त्यानंतर बारीक सुईने मुळाच्या टोकापलीकडे मुद्दाम टोचून रक्त वर येऊ देतात. त्याची गुठळी झाली की वर एमटीए किंवा बायोडेंटिन या तशाच सिमेंटचं झाकण घालून दात बंद करतात.

ऊती घडवायला पेशी, आधाराचा सांगाडा आणि वाढीचे संकेत लागतात, अशी मांडणी लँगर आणि व्हॅकांटी या संशोधकांनी 1993 मध्ये केली. इथे पेशी येतात मुळाच्या टोकाजवळच्या मऊ ऊतीतून, सांगाडा म्हणजे ती रक्ताची गुठळी आणि संकेत देतो दात स्वतः. बाहेरून एकही पेशी आणलेली नसते, आणि मला या उपचारातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हेच.

पण ‘नस परत आली’ असं मी पालकांना सांगणार नाही. असे दात पुढे कधी काढावे लागले आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा आत बहुधा गर नव्हता. हाडासारखी, मुळाच्या आवरणासारखी ऊती होती. मूळ काही मुलांमध्ये लांब आणि जाड होतं, काहींमध्ये फारसं बदलत नाही, आणि ते आधी सांगता येत नाही. औषधांमुळे दात काळपट पडू शकतो, विशेषतः मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक असलेल्या मिश्रणाने. शिवाय पुढची काही वर्षं तपासणीला यावं लागतं.

म्हणून मूळ अगदी कच्चं असेल आणि घरचे नेमाने येणार असतील, तर मी रिव्हॅस्क्युलरायझेशनच्या बाजूने आहे. मूळ जवळजवळ पुरं झालेलं असेल, किंवा दवाखाना दोन तालुके पलीकडे असेल, तर एमटीएचं बूच हा कमी दर्जाचा उपचार नाही. आणि रिव्हॅस्क्युलरायझेशन फसलं, तरी पुढे एपेक्सिफिकेशन करता येतं.

नवा गर उगवण्याचं काम खरोखर सुरू आहे. चीनमधल्या शियान इथल्या संशोधकांनी 2018 मध्ये मुलांच्याच दुधाच्या दातातल्या पेशी वाढवून त्यांच्या जखमी पटाशीत रोवल्या, आणि त्या दातांत रक्तपुरवठा व संवेदना परतल्याचं नोंदवलं. ही बातमी वाचून कुणी दुधाचे दात पैसे भरून साठवायला निघालं असेल, तर त्यांनी भारतातली स्थिती आधी पाहावी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नाळेच्या रक्ताखेरीज इतर जैविक साहित्याची व्यावसायिक साठवण मान्य केलेली नाही, आणि दातांतल्या पेशी त्या ‘इतर’मध्येच येतात.