गिटारचं जाड पिक घेतलं की आवाज जाड होतो, हे खरं नाही

गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी सांगतंच की पातळ पिकचा (म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीचा) आवाज ब्राइट, म्हणजे चमकदार, आणि जाड पिकचा डार्क, म्हणजे जाड, दबका, आणि मग पोरं नुसती मिलिमीटर बघून पिक घेतात. अहो, जाडीने मुख्यतः पिक वाकतं किती तेवढं ठरतं. ०.४६ मिमीचं पिक तारेवर वाकतं, त्याचा स्वतःचा टकटक आवाज मिसळतो आणि तोच आपल्याला ब्राइट वाटतो, स्ट्रमिंगला, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडताना, छान लागतो, पण एकेक नोट वाजवताना तार पोकळ वाटते.

टोनचा खरा खेळ टोकाचा आहे. टोक अणकुचीदार असेल तर तार अगदी बारीक जागी सुटते, वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे बारीक उंच सूर, जास्त येतात, गोल टोकाने ते दबतात. जॅझ थ्री नावाचं पिकच बघा ना, १.३८ मिमी जाड, तरी टोकदार असल्यामुळे नोट कशी स्वच्छ येते! क्वीन या रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे तर सिक्सपेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं पिक म्हणून वापरतो, ते जराही वाकत नाही, पण कडेच्या खाचांमुळे खरखरीत, धारदार आवाज येतो.

आत्ता हातातलं पिक फिरवा आणि मागच्या गोल खांद्याने तीच तार छेडा, जाडी तीच, आवाज लगेच मऊ होतो.